वजन उतरतं, पोट उतरत नाही: नेमकं काय कमी झालं ते कसं ओळखायचं

माझ्या वजनाच्या वहीत सलग चार वर्षांच्या नवरात्राच्या नोंदी आहेत. पहिल्या वर्षी घटस्थापनेला 71.4, दसऱ्याला 68.6 आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी 71.2. पुढच्या वर्षी 71.9, 69.3, 72. बाकीच्या दोन वर्षांचे आकडेही याच चालीचे. नऊ दिवस फळं, दूध, संध्याकाळी एखादं रताळं नाहीतर वाटीभर भगर. दसऱ्याला काट्यावर उभं राहिलं की समाधान वाटायचं आणि दिवाळीत तितकंच अपराधी. परकराची नाडी मात्र चारही वर्षं त्याच जागी बांधली जात होती. ब्लाउज आत घ्यायला शिंप्याकडे एकदाही जावं लागलं नाही.

"तीन किलो उतरले होते गं, परत आले सगळे." हे वाक्य मी ऑफिसात ऐकते, सकाळच्या योगवर्गात ऐकते, लग्नाच्या पंगतीत ऐकते. म्हणणारी प्रत्येक जण स्वतःला दोष देते: माझाच तोंडावर ताबा नाही, माझंच सातत्य कमी पडतं. मला आता खात्रीनं सांगावंसं वाटतं की बहुतेक वेळा ते तीन किलो चरबीचे नव्हतेच. त्यामुळे ते गेले तेव्हा फार काही कमावलं नव्हतं, आणि आले तेव्हा फार काही गमावलंही नव्हतं.

काट्यावरून जे उतरतं त्यात चार गोष्टी मिसळलेल्या असतात: शरीरातलं पाणी, आतड्यात असलेलं अन्न आणि मळ, स्नायू, आणि चरबी. काटा फक्त बेरीज सांगतो. आपल्याला हवी असते शेवटची एकच गोष्ट. म्हणून वजन कमी होण्यात किंवा न होण्यात काहीतरी खटकत असेल, तर आधी यातलं काय गेलं ते शोधावं लागतं. उपाय त्यानंतर, कारण या चारही गोष्टींचे उपाय वेगळे आहेत. एकीचा उपाय दुसरीला लावला तर नुकसानही होतं. ते मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलंय, त्याबद्दल पुढे सांगते.

आठवड्यात दोन-तीन किलो गेले, तितक्याच वेगानं परत आले

हे पाणी असतं. आपण खाल्लेल्या पोळी-भाताची साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंमध्ये 400 ग्रॅमच्या आसपास. हा साठा कोरडा नसतो. दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की पहिल्या दोन-चार दिवसांत शरीर हा साठा वापरतं आणि बांधलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं. साठा पूर्ण रिकामा झाला तर हिशेब दोन किलोपर्यंत जातो. तोवर चरबीला हातही लागलेला नसतो असं नाही, पण तिचा वाटा फार छोटा असतो.

त्यात मिठाची भर. रक्तातल्या मिठाचं प्रमाण शरीर फारसं बदलू देत नाही. मीठ जास्त आलं की ते पातळ करायला पाणी धरून ठेवतं, अंदाजे नऊ ग्रॅम मिठामागे एक लिटर. उपवासात लोणचं, पापड, फरसाण, हॉटेलचं खाणं बंद होतं, तेव्हा हेही पाणी सुटतं. शिवाय पोटात एरवी असणारं अन्न कमी झालेलं असतं, त्याचंही वजन काट्यावर असतंच.

आता माझ्या 2.8 किलोंचा हिशेब. मला दिवसाला साधारण 1,800 कॅलरी लागतात. उपवासात मी 900 खाल्ल्या असं धरू. रोज 900 ची तूट, नऊ दिवसांची 8,100. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी चरबी गेली असेल फार तर किलोभर, आणि त्या किलोतही थोडा स्नायू असणार. उरलेले पावणेदोन किलो दशमीच्या पहिल्या साग्रसंगीत जेवणापासून परत भरायला लागले. ते भरणारच होते, रिकामी टाकी भरते तसे. आणि दिवाळीच्या फराळानं उरलेला किलो.

हाच हिशेब जाहिरातींना लावून पाहा. "सात दिवसांत चार किलो" असं कोणी म्हणत असेल तर चार गुणिले 7,700 भागिले सात, म्हणजे रोज 4,400 कॅलरींची तूट. ऑफिसात बसून काम करणाऱ्या बाईचं शरीर दिवसभरात इतकं खर्चच करत नाही. सातही दिवस निर्जळी काढले तरी एवढी तूट पडणार नाही. मग ते चार किलो चरबीचे असणं शक्यच नाही.

2024 च्या ऑगस्टमधली पॅरिसची ती सकाळ आपण सगळ्यांनी पाहिली. कुस्तीगीर विनेश फोगाट ऑलिंपिकच्या 50 किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या वजनात 100 ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली. रात्रभर ती धावली, सॉनात बसली, केससुद्धा कापले. लढतींच्या दरम्यान खाल्लेलं-प्यालेलं अंगात राहिलं होतं आणि ते एका रात्रीत घामावाटे काढायचं होतं. कुस्तीगिरांचं वजन असं उतरतं आणि असं चढतं, कारण ते पाणी असतं. तिला स्पर्धेचा नियम पाळायचा होता, म्हणून ते भाग होतं. आपण मात्र पोटाला घामाचा पट्टा बांधून चालायला जातो आणि तेच पाणी काढून घरी येतो. दोन तांबे पाणी प्यायलो की ते भरून निघतं.

चरबी घामातून जात नाही. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी याचं गणित ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं होतं: 10 किलो चरबी शरीरानं वापरली तर तिच्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. मला हे वाचल्यापासून घामानं भिजलेल्या टी-शर्टाचं कौतुक करवत नाही.

उपाय: पहिल्या आठवड्यातला आकडा जमेस धरू नका. वहीत लिहा, पण त्यापुढे "पाणी" असं लिहा. खरा हिशेब दुसऱ्या आठवड्यापासून.

काल लग्नाला गेले, आज सव्वा किलो वाढलं

सव्वा किलो चरबी वाढायला लागणाऱ्या कॅलरी साडेनऊ हजारांच्या वर जातात, आणि त्याही रोजच्या गरजेपेक्षा जास्तीच्या. मसालेभात, मठ्ठा, दोन जिलब्या आणि आग्रहाचा श्रीखंडाचा डाव मिळून तेवढं होत नाही. हे मीठ, पाणी आणि अजून न पचलेलं जेवण. तीन दिवस नेहमीसारखं जेवा, उतरेल. दुसऱ्या दिवशी उपाशी राहायची गरज नाही.

पाळीच्या आधीच्या आठवड्यातही अनेकींना पाण्यामुळे अर्धा ते दोन किलो जास्त दिसतं. म्हणून बायकांनी गेल्या आठवड्याशी तुलना करण्यापेक्षा मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसाशी करावी.

काटा वापरण्याची माझी पद्धत साधी आहे. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाउनमध्ये. काटा फरशीवर, चटईवर किंवा पायपुसण्यावर नाही. रोजचा आकडा लिहायचा आणि रविवारी सातांची सरासरी काढायची. सरासरीची सरासरीशी तुलना. एका दिवसाच्या आकड्यावर आनंदही नको आणि रडूही नको.

महिना झाला, काटा जागचा हलला नाही

इथे टेप काढा, शिंप्याची मापाची टेप. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड आणि कमरेचं वरचं हाड बोटांनी चाचपा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, मग आकडा वाचा. नाडी बांधतो तिथे मोजायचं नाही, ती जागा बदलत राहते. भारतीय बायकांसाठी हा घेर 80 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांसाठी 90 च्या वर गेला तर तो धोक्याचा मानतात.

वजन तेच, पण महिन्यात घेर दोन सेंटिमीटर कमी झाला असेल, तर तुमचं काम चाललंय. स्नायू चरबीपेक्षा दाट असतो, तेवढ्याच वजनाची चरबी साधारण सहावा हिस्सा जास्त जागा घेते. नव्यानं व्यायाम सुरू करणाऱ्याच्या बाबतीत चरबी जात असते आणि स्नायू थोडा भरत असतो, शिवाय दुखऱ्या स्नायूंत काही दिवस पाणीही साचतं. काटा तिथेच राहतो. नेमक्या याच टप्प्यावर लोक "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

चार आठवडे काटाही तोच आणि टेपही तीच असेल, तर मात्र तूट पडत नाहीये. ती कुठे भरून निघते ते बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच सापडतं. तेलाचा एक मोठा चमचा 120 कॅलरी. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे 170 च्या घरात. दाण्याचा कूट आपण चिमटीनं घालत नाही, पळीनं घालतो. आठवडाभर फक्त तेल आणि कूट मोजून घाला, बाकी काहीही बदलू नका.

वजन छान उतरतंय, पण पायात जोर नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे लोक कौतुक करत असतात.

आईला साखर आहे, वय 71. कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं भात सोडला, पोळी सोडली. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी अर्धी भाकरी, पालेभाजी, काकडी, रात्री भाज्यांचं सूप. आठ महिन्यांत 64 वरून 57 वर आली. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती छान बारीक झालात हो, काय करता?" आई खूश, मीही खूश.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती सतरंजीवर बसली आणि उठता येईना. एक हात जमिनीवर, एक माझ्या खांद्यावर. उभी राहिल्यावर हळूच म्हणाली, "पायात जोरच राहिला नाही गं." त्या दिवशी मी तिच्याकडे नीट पाहिलं. बांगड्या मनगटावरून घसरून कोपराकडे जात होत्या. पाटल्यांना तिनं दोरा गुंडाळला होता, निसटू नयेत म्हणून. दंडाची कातडी लोंबत होती. आणि पोट होतं तेवढंच.

डॉक्टरांनी आधी साखर, थायरॉइड आणि बाकीच्या तपासण्या केल्या, कारण वजन आपोआप उतरत असेल तर ते आजाराचं लक्षण असू शकतं. त्यातून काही निघालं नाही. मग त्यांनी टेप घेऊन तिच्या पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजला: 30.5 सेंटिमीटर. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला सांगितलं आणि घड्याळ लावलं: 21 सेकंद. आशियाई लोकांसाठी 2019 मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पोटरीचा घेर बाईचा 33 च्या खाली आणि पुरुषाचा 34 च्या खाली असेल, किंवा पाच उठबशांना 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर स्नायू घटल्याची शंका घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी झालंय, पण पोट तसंच आहे. गेलंय ते पायातलं."

नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर साधारण पाव हिस्सा चरबीतून न जाता स्नायू आणि इतर भागातून जातो. वय जास्त, प्रथिनं कमी आणि हालचाल कमी असेल तर हा हिस्सा वाढतो. आईच्या त्या जेवणात दिवसाला 20-25 ग्रॅमच्या वर प्रथिनं नसतील. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 57 किलोच्या माणसाला निरोगी असतानाही 47 ग्रॅम लागतात. वजन उतरत असताना आणि उतारवयात त्याहून जास्त.

आणि यातच वजन पुन्हा पुन्हा वाढण्याचं मूळही आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग झाला होता, 24 आठवड्यांचा. पुन्हा पोटभर जेवायला मिळाल्यावर त्यांची चरबी आधी भरली, पूर्वीपेक्षाही जास्त झाली, आणि स्नायू मागे राहिले. म्हणजे प्रत्येक क्रॅश डाएटला दोन्ही जातात, परत येताना चरबी पुढे असते. काट्यावर आकडा जुनाच दिसतो, पण आतला माणूस बदललेला असतो: थोडा जास्त चरबीचा, थोडा कमी ताकदीचा. माझ्या चार नवरात्रांत हेच थोडं थोडं झालं असावं.

आईचं जेवण बदललं. ती अंडं खात नाही. म्हणून वरण घट्ट, दोन वाट्या. सकाळी मुगाचं धिरडं, त्यात किसलेलं पनीर. दुपारी मोठी वाटी दही. ताकावर ती समाधान मानायची, पण ताकात बहुतेक पाणीच असतं. व्यायाम म्हणाल तर खुर्चीतून पाच वेळा उठणं, सकाळ-संध्याकाळ, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत टाचा, हा नियम तिनं स्वतःच केला. नऊ महिन्यांनी वजन 58.6, पोटरी 31.8, पाच उठबशा साडेबारा सेकंदांत. कंबर 92 वरून 88 वर.

दीड किलो वजन वाढलं आणि चरबी कमी झाली. काकूंनी या वेळी काही म्हटलं नाही, त्यांना फरक दिसलाच नाही.

बारीकच आहे, तरी पोट आहे

ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे आणि तिच्यावरचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये आपला दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला वाय-वाय विरोधाभास म्हणतात. याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि बाळांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण हलकेपणा स्नायूंचा आणि पोटातल्या अवयवांचा होता, कातडीखालच्या चरबीत त्या मानानं फारशी कमतरता नव्हती.

तेव्हा 58 किलोचा, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असलेला माणूस "अजून पाच किलो उतरवतो" म्हणत असेल, तर त्याला थांबवा. त्याला वजन उतरवायचं नाहीये. त्याला स्नायू भरायचे आहेत, आणि पोट त्यातून आत जाणार आहे. त्यानं काट्याकडे पाहूच नये, टेपकडे पाहावं.

यंत्र म्हणतं, चरबी चार दिवसांत तीन टक्के उतरली

मी एका जिममध्ये पैसे भरले होते. तिथे यंत्रावर उभं करून छापील कागद देत. पहिल्या कागदावर 39 टक्के, चार दिवसांनी 36. प्रशिक्षकानं टाळ्या वाजवल्या. 71 किलोचे तीन टक्के म्हणजे दोन किलोच्या वर चरबी, म्हणजे 16 हजार कॅलरी, चार दिवसांत. मी तेव्हा हा गुणाकार केला नाही, पुढच्या सहा महिन्यांचे पैसे भरले.

अशी यंत्रं पायातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडतात आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून शरीरातल्या पाण्याचा, पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी प्यायलेलं असणं, घाम येऊन गेलेला असणं, पाय ओले असणं, जेवण झालेलं असणं, या सगळ्यानं आकडा हलतो. घरी असा काटा असेल तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उभं राहून पाहा, एका दिवसात दोन टक्क्यांचा फरक दिसला तरी नवल नाही. यंत्र फेकून देऊ नका. सकाळच्या त्याच वेळी, महिन्यातून एकदा, आणि चार-सहा महिन्यांचा कल पाहण्यापुरतं वापरा. क्ष-किरणांनी चरबी, स्नायू आणि हाडं वेगवेगळी मोजणारा डेक्सा स्कॅन यापेक्षा बराच अचूक असतो, पण घरच्या टेपनं भागत असताना त्यासाठी खर्च करायची बहुतेकांना गरज नाही.

मी काय बदललं

तूट कमी केली. रोज 300 ते 400 कॅलरींचीच, म्हणजे महिन्याला सव्वा ते दीड किलो. हे ऐकून मैत्रिणी नाराज होतात. पण हे गेलेलं सहजी परत येत नाही, कारण जेवण नेहमीच्या जेवणासारखंच राहतं.

प्रथिनं मोजली, आणि धक्का बसला. माझ्या डब्यात तीन पोळ्या, भाजी, पातळ वरण, थोडा भात. पोळ्यांचे नऊ-दहा ग्रॅम, वाटीभर पातळ वरणाचे चार-पाच, भात-भाजीचे पाचेक. एका जेवणाला वीसही नाहीत. चरबी उतरवताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे 1.2 ग्रॅम तरी धरावेत, म्हणजे माझ्यासाठी 80 च्या घरात. आता सकाळी दोन अंडी (12 ग्रॅम), दुपारी एक पोळी कमी आणि मटकीची घट्ट उसळ, संध्याकाळी भूक लागते तेव्हा दही, रात्री पिठलं किंवा 30 ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी, जिच्या एकटीतून 15 ग्रॅम मिळतात. रविवारी बांगडा. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत खरी, पण त्यासोबत इतकं तेल येतं की चरबी उतरवताना त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

व्यायामात चालणं होतंच, त्यात जोर-बैठका आल्या. जोर आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, आता जमिनीवर गुडघे टेकून आठ जमतात. बैठका पाठीवरच्या सॅकमध्ये पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन. आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. सोपं वाटायला लागलं की ओझं वाढवायचं, नाहीतर स्नायूला टिकून राहायचं कारणच उरत नाही. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते हा समज सोडून द्या. चरबी कुठून आधी काढायची ते शरीर ठरवतं.

आणि झोप. 2010 मध्ये शिकागोत दहा जणांवर एक प्रयोग झाला, तो मला कायम आठवतो. तेच लोक, तेच कमी कॅलरींचं जेवण, 14 दिवस साडेआठ तास झोपायची मुभा आणि 14 दिवस फक्त साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन तीनेक किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी 1.4 किलो होती, अपुऱ्या झोपेत 0.6. काट्यानं दोन्ही वेळा जवळजवळ एकच आकडा दाखवला. पहाटे साडेचारला उठून डबे करणाऱ्या आणि रात्री साडेअकराला ओटा पुसणाऱ्या बायकांना कोणी झोपेबद्दल विचारत नाही, आहाराबद्दलच बोलतात. माझ्या घरी रात्रीचा ओटा आता मुलगा पुसतो.

डॉक्टरांकडे जायचं ते असं: काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तहान-लघवी वाढली असेल, किंवा घरातलं वयस्क माणूस उठताना हाताचा आधार शोधू लागलं असेल. त्यांचं कौतुक करण्याआधी पोटरी मोजा.

यंदाच्या नवरात्रात उपवास केला, पण दूध-पनीर-दही धरून, राजगिरा आणि वरी मोजून, आणि बैठका चालू ठेवून. घटस्थापनेला 67.1, कंबर 86. दसऱ्याला 66, कंबर 86. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी 66.9, कंबर 86, आणि वहीत त्या नऊशे ग्रॅमपुढे लिहिलंय: पाणी, मीठ, घरची पुरणपोळी.